थंडीत हरणांना खायला घालावं का? खानापूरच्या रानाकडे बघून दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, नागरगाळीच्या बाजूला जंगलाला लागून शेत. भाताची सुगी आटोपली की मार्गशीर्ष-पौषात तिन्हीसांजेला चितळांचा कळप बांधापर्यंत येतो, मध्येच एखादं भेकर दिसतं, सकाळी सांबराचे खूर उमटलेले असतात. जनावरं बारीक वाटतात. मुलाने मोबाईलवर परदेशातला व्हिडिओ दाखवला, बर्फात उभ्या असलेल्या हरणांना लोक मका घालताहेत. घरात मका आहे, भाताचा कोंडा आहे, उसाचं वाडं आहे. थंडी सरेपर्यंत रोज थोडं बांधावर टाकावं का? आणि मुळात ही हरणं खातात काय?

दादा, उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. टाकू नका. मका नको, कोंडा नको, वाडं नको आणि उरलेला भात-भाकरी तर अजिबात नको. तुमच्या मनातली कणव खरी आहे आणि ती वाया जाऊ नये असं मला फार वाटतं, म्हणूनच जरा सविस्तर लिहितो. मी गुरांचा डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं खानापूर, लोंढा, हल्याळ याच पट्ट्यात गेली. गाई-म्हशींबरोबर वनखात्याच्या बोलावण्यावरून मेलेली रानजनावरं तपासणं हाही कामाचा भाग होता. हरणाच्या पोटात काय असतं आणि काय असू नये, हे त्यातून नीट बघायला मिळालं.

आपल्याकडे भीमगड अभयारण्यात आणि त्याच्या भोवतालच्या रानात सांबर, चितळ आणि भेकर ही तीन खरी हरणं आहेत. सशाएवढी पिसोरी त्यांची लांबची नातलग. बिदर-भालकीकडच्या माळावरचा काळवीट आणि आपल्याकडचा चौशिंगा यांची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. ती कुरंगं, त्यांचा विचार इथे करत नाही.

या तिघांचं ताट वेगवेगळं असतं. चितळ मुख्यतः गवतावर जगतं. सांबर गवतही खातं आणि पालाही, शिवाय बांबूची पानं, साल आणि तळ्यातल्या पाण्यात उभं राहून पाणवनस्पतीसुद्धा. भेकर फार निवडक. ते पोटभर चरत नाही, एकेक कोवळा शेंडा, पडलेलं फळ, फूल, अळंबं असं वेचत जातं. पिसोरी रात्री झाडाखाली पडलेल्या फळांवर भागवते.

आता वर्षाचं चक्र बघा. मृगाचा पाऊस पडून गवत फुटलं की चितळांची चैन असते. दसऱ्यानंतर गवत निसवतं, कुसळं धरतं आणि मार्गशीर्षापर्यंत पिवळं, राठ होतं. अशा गवतात प्रथिनं फार उतरतात. ती साधारण 7 टक्क्यांखाली गेली की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणूच उपाशी राहतात, मग कितीही चरलं तरी अंगी लागत नाही. चितळाला हे कुणी शिकवावं लागत नाही. ते गवत सोडून पाल्याकडे आणि पडलेल्या फळांकडे वळतं. आणि आपल्या रानात नेमकी हीच फळांची वेळ असते. आवळा, बेहडा, बोरं, उंबर, मग माघात सावरीची फुलं, त्यामागून पळस. थंडी हा खानापूरच्या रानातला दुष्काळ नव्हे. खरी ओढाताण फाल्गुनाच्या अखेरीला सुरू होते आणि वळीव पडेपर्यंत टिकते. तीही चाऱ्याइतकीच पाण्याची असते.

आवळ्याचं जरा सांगतो, कारण हे तुम्हाला स्वतः बघता येईल. चितळ आणि भेकर पडलेला आवळा अख्खा गिळतात. नंतर सावलीत बसून रवंथ करताना गर पोटात जातो आणि कठीण बी तोंडातून बाहेर टाकली जाते. हरणांच्या बसण्याच्या जागी, आवळ्याच्या झाडापासून बऱ्याच अंतरावर, अशा स्वच्छ चघळलेल्या बियांची छोटी रास सापडते. नवी झाडं पुष्कळदा तिथूनच उगवतात. म्हणजे हरीण नुसतं खात नाही, पुढच्या पिढीची पेरणीही करत जातं. त्याला मक्याच्या ढिगाशी बांधून ठेवलं तर हे काम थांबतं.

वानरांचंही तसंच. वानरं वर झाडावर बसून अर्धवट खाऊन पानं, फुलं, फळं खाली टाकतात आणि चितळं खाली उभी राहून ती उचलतात. वानराला वरून बिबट्या आधी दिसतो, वानर ओरडलं की चितळांना पळायला वेळ मिळतो. सावरीखाली माघात भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत जाऊन बघा. रात्री पडलेली जाड, मांसल लाल फुलं निम्मी नाहीशी झालेली असतात आणि भुसभुशीत मातीत भेकराचे बारीक टोकदार खूर उमटलेले असतात.

तुमच्या बांधावर कळप का येतो, तेही यातच आहे. भात कापल्यावर ओलीवर धसकटांना हिरवा फुटवा येतो, शेजारी मसूर, वाटाणा, हरभऱ्याचे कोवळे शेंडे असतात. चितळाला ते हवं असतं. शिवाय संध्याकाळी त्याला मोकळी जागा आवडते, कारण तिथे दबा धरून बसलेलं जनावर लांबून दिसतं. भुकेने कासावीस होऊन ते तुमच्या दारात आलेलं नाही. खात्री करायची असेल तर सकाळी बांधावरच्या फांद्या बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते शेंडा कापत नाही, ओढून तोडतं. तुटलेलं टोक चिरफाळलेलं दिसतं. तिरका, सुरीने कापल्यासारखा स्वच्छ काप असेल तर तो ससा. असे ओढून तोडलेले शेंडे रानाच्या कडेला जागोजागी दिसले, म्हणजे हरणांना त्यांचं खाणं मिळतंय.

आणि बारीक दिसण्याचं म्हणाल तर सांबराच्या नराचा माजाचा हंगाम साधारण कार्तिक-मार्गशीर्षात असतो. त्या दिवसांत तो खाण्याकडे लक्षच देत नाही, अंग झडतं, फासळ्या दिसतात. पौषात दिसलेला हाडकुळा सांबर बहुधा आजारी नसतो, दमलेला असतो, आणि पाल्यावर पुन्हा भरतो. चितळ तर गाईच्या मानाने मुळातच सडपातळ. गोठ्यातली जर्सी बघणाऱ्या डोळ्यांना रानातलं प्रत्येक जनावर उपाशी वाटतं.

आता मक्याकडे येतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे आहे.

हरणाचं पोट गाईसारखंच चार कप्प्यांचं. पहिला मोठा कप्पा म्हणजे इडलीचं पीठ आंबवायला ठेवलेलं पातेलंच समजा. त्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि पाला-गवत पचवतात ते हेच. हरीण खरं तर जिवाणूंना चारा घालतं आणि त्यांनी तयार केलेल्यावर जगतं. ही वस्ती त्या-त्या ऋतूच्या खाण्याला जुळलेली असते. पाला-पाचोळ्याला जुळलेल्या पोटात अचानक मका, तांदूळ, भाकरी गेली की पिष्ट आंबवणारे वेगळे जिवाणू एकदम माजतात आणि लॅक्टिक आम्ल भराभर तयार होतं. निरोगी पोटाचा सामू (pH, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) 6 ते 7 च्या दरम्यान असतो. तो 5.5 च्या खाली गेला की चारा पचवणारे जिवाणू मरू लागतात, आम्ल रक्तात उतरतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. जनावर सुस्तावतं, बसतं आणि एक-दोन दिवसांत दगावतं. नवीन खाण्याला पोट जुळायला दोन ते तीन आठवडे लागतात. पहिल्याच रात्री पोटभर मका मिळालेल्या हरणाला तेवढा अवधी मिळत नाही.

गावात हे सगळ्यांनी बघितलेलं आहे. लग्नाच्या मांडवामागे टाकलेला भात खाऊन दुसऱ्या दिवशी आडवी पडलेली गाय कुठल्या गावात झाली नाही? गाईला निदान आपण धरून खाण्याचा सोडा पाजतो, शिरेतून सलाईन देतो, पोट कापून रिकामंही करतो. चितळाला कोण धरणार? धरायला गेलं तर भीतीनेच त्याचं हृदय जातं.

खळ्याच्या कडेला मेलेली एक चितळाची मादी मी उघडली होती. अंगावर जखम नव्हती, चरबी चांगली होती. पोटाला सुरी लावताच आंबट, नाकात जाणारा वास आला. आत दुधी-करडं पातळ पाणी आणि त्यात फुगून दुप्पट झालेले मक्याचे दाणे. कप्प्याचं आतलं अस्तर बोटाने ओढलं की सालपटासारखं निघत होतं. निरोगी हरणाचं पोट उघडलं तर वास नुकत्याच कापलेल्या ओल्या गवताचा येतो, आत हिरवा-तपकिरी घट्ट लगदा असतो आणि त्यात पानांच्या शिरा, बोराच्या बिया ओळखूही येतात. ती मादी भरल्या पोटाने मेली होती. कुणीतरी मायेनेच ते दाणे टाकले असणार. तुम्ही विचारलंत तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली.

कोंडाही त्याच जातीचा, थोडा सौम्य इतकंच. वाड्यात साखर असते, आणि वाडं हे रोजच्या सवयीच्या बैलाचं खाणं आहे. बिस्किटं, चिप्स, केळी यांचं बोलायलाच नको. चोर्ला आणि अनमोडच्या रस्त्यावर गाड्या थांबवून लोक वानरांना खाऊ टाकतात आणि मिठाचा वास लागलेल्या पिशव्या मागे उरतात. त्या पिशव्या हरणंही चघळतात. पोटात गेलेलं प्लास्टिक रवंथाबरोबर बाहेर येत नाही, त्याचा गोळा होऊन बसतो. गाईच्या पोटातून असे गोळे काढताना किती वाईट वाटतं ते मला विचारा. रानातल्या जनावराचे तर काढताही येत नाहीत.

मुलाने दाखवलेल्या व्हिडिओबद्दल. तिथली थंडी आपल्या थंडीसारखी नाही. बेळगावात पारा 10 अंशांच्या आसपास आला की आपण शेकोटी पेटवतो. तिकडे महिनोन्‌महिने जमीन बर्फाखाली असते. तरीही तिथली हरणं त्यासाठी तयार झालेली आहेत. शरदात ती चरबी साठवतात, अंगावर दाट लोकर येते, हालचाल आणि खाणं आपोआप कमी होतं आणि पोट कडक काटक्यांना जुळतं. तशा पोटात मक्याचा ढीग गेला की तिथेही हेच होतं. अमेरिका-कॅनडात पुष्कळ ठिकाणी हरणांना खायला घालण्यावर बंदी किंवा निर्बंध आहेत. ऑस्ट्रिया-जर्मनीत हिवाळ्यात हरणांना वैरण घालायची जुनी पद्धत आहे, पण तिथे मुख्यतः वाळलेलं गवत असतं आणि एकदा सुरू केलं की वसंतापर्यंत खंड न पाडता चालवावं लागतं. अमेरिकेत वायोमिंग राज्यात 1912 साली स्थापन झालेलं एल्क हरणांचं राखीव क्षेत्र आहे, तिथे हिवाळ्यात चारा घातला जातो. इतक्या वर्षांनंतर आज तिथलेच जाणकार तो बंद कसा करावा यावर वाद घालताहेत, कारण एका जागी गर्दी झाली की रोग पसरतो. 1967 मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसलेला, हरणांचा मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग त्यांच्या पुढ्यात आहे. लाळेतून, मलमूत्रातून तो पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. भारतात तो आढळल्याची नोंद नाही, पण एका ढिगावर सगळ्यांची तोंडं लागली की काय होतं, हे समजायला तेवढं पुरे.

आपल्याकडे दुसरे रोग आहेत. लाळ-खुरकूत, घटसर्प, फाशी (अँथ्रॅक्स) हे गाई-म्हशींचे आणि रानजनावरांचे सामाईक. बुळकांडी गुरांतून गव्यांत जाऊन कळपच्या कळप साफ करायची. ती 2011 मध्ये जगातून संपली, पण संपायच्या आधी गोठा आणि रान किती जवळ आहेत हे दाखवून गेली. तुमच्या बांधावरच्या मक्याला रात्री चितळ तोंड लावणार आणि सकाळी तुमचीच म्हैस. रोग मग दोन्हीकडून चालतो.

एवढंच असतं तरी मी नको म्हटलं असतं, पण याहून वाईट आहेत ती कुत्री. गावकुशीला माणसाळलेलं हरीण मोकाट कुत्र्यांच्या तावडीत सहज सापडतं. तपासायला आलेल्या चितळांत मागच्या मांड्या फाडलेली फार असायची. हरणामागे बिबट्याही येतो, तो त्याचा धर्मच आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानावर बिबट्या शिरला तेव्हा आसपासच्या शाळा कितीतरी दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. असा पाहुणा आपल्या वाडीवर कुणाला हवा असतो? आणि फासकी लावणारे, ठासणीची बंदूक घेऊन फिरणारे अजून आहेत. हरणं रोज अमुक वेळी अमुक बांधावर येतात ही बातमी गावात लपत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं. तुमचा हेतू तसा नाही हे मला कळतं. पण शेतात मक्याचा ढीग आणि भोवती हरणं, हे गस्तीवरच्या माणसाला काय दिसेल याचाही विचार करा.

मग हातावर हात ठेवून बसायचं का? अजिबात नाही. तुमच्यासारख्या, रानाला लागून जमीन असलेल्या माणसाच्या हातात खूप आहे.

पहिलं काम रानमोडी आणि घाणेरीचं. रानाच्या कडेला हरणांचं गवत जे गिळतंय ते हे तण. घाणेरी तर गुरांनी खाल्ली की यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हाने कातडी सोलपटते. तुमच्या मालकीच्या पडीक तुकड्यातली रानमोडी फुलायच्या आत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, मुळासकट उपटा. पुढच्या पावसाळ्यात तिथे आपोआप गवत येईल. मक्याच्या दहा पोत्यांपेक्षा असा एक हिरवा तुकडा हरणाला जास्त देतो. वनहद्दीत मात्र परवानगीशिवाय हात घालू नका.

दुसरं, आवळा, बेहडा, हिरडा गोळा करताना झाड झोडपून रिकामं करू नका. खाली पडलेलं निदान निम्मं तिथेच राहू द्या. व्यापाऱ्याला दोन पोती कमी गेली तर आपलं अडत नाही. गळलेलं शिंग सापडलं तर तेही उचलू नका. ते घरात ठेवणं गुन्हा आहेच, शिवाय चितळं आणि साळिंदरं कॅल्शियम-फॉस्फरससाठी ती शिंगं कुरतडतात. मिठाचे खडे ठेवावेत का असंही पुष्कळजण विचारतात. रानात खारट मातीच्या जागा असतात आणि हरणांना त्या ठाऊक असतात. नवी जागा करायची तर वनखातं करेल.

तिसरं, वणवा. काजूच्या बागेखालचा पालापाचोळा पेटवताना ती आग कडेच्या रानात शिरते. जळालेल्या जागी कोवळं गवत लवकर येतं हे खरं आहे, पण त्याच आगीत पडलेली फळं, आवळ्याची रोपं आणि गवतात लपवलेली पाडसं जातात. जाळायच्या आधी कडेने पट्टा मोकळा करा आणि वारा पडल्यावरच काडी लावा.

पाण्याचं चैत्रात बघावं लागेल. ओढ्यातला डोह मोटर लावून तळ दिसेपर्यंत उपसू नका, एवढं केलंत तरी रानावर मोठे उपकार होतील. उघड्या विहिरीला कठडा घाला, उन्हाळ्यात पाण्याच्या वासाने आलेलं हरीण त्यात पडतं. झाडं लावायची असतील तर उंबर, जांभूळ, शिवण, कुंभा, आवळा लावा, पण पिकाच्या बांधावर नको, रानाच्या बाजूच्या टोकाला लावा. रात्री कुत्रं बांधा. आणि कुंपणात घरची वीज सोडायचा विचार कुणाच्याही मनात आला तर त्याला थांबवा, त्यात हरणांइतकीच माणसंही मेली आहेत.

हरणांनी मसूर खाल्ला तर नुकसान तुमचं होतं, ते मी हसण्यावारी नेत नाही. फोटो काढा, पंचनामा मागा, वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. पैसे यायला वेळ लागतो, तरी अर्ज टाकाच. नोंद झाली की त्या बाजूचं नुकसान कागदावर येतं.

पौषानंतर चितळांची पाडसं दिसू लागतील म्हणून एक सांगून ठेवतो. गवतात एकटं, मुटकुळं करून पडलेलं पाडस अनाथ नसतं. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते आणि पाजायला परत येते. उचलून घरी आणलंत, गाईचं दूध पाजलंत की हगवण लागते आणि बहुतेक मरतं. मुलांना लांबूनच दाखवा आणि तिथून निघून या. आई मेलेलीच समोर दिसली तर मात्र वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

मेलेलं हरीण दिसलं तर त्याला हात लावू नका, कातडं सोलू नका, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका. नाका-तोंडातून काळसर, न गोठणारं रक्त आलेलं असेल तर ते फाशीचं लक्षण असू शकतं आणि फाशी माणसालाही होते. आडोशाला उभं राहून वनखात्याला फोन करा. तुमच्या गुरांना लाळ-खुरकुताची सहामाही लस आणि पावसाळ्याआधी घटसर्पाची लस टोचली आहे ना, तेही त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन बघून या.